अठरा जुलैचे ऋण

आषाढात आपल्याकडे दोन वाटा एकाच वेळी गजबजलेल्या असतात. एक पंढरीची आणि दुसरी महाविद्यालयांच्या दाराशी जाऊन थांबणारी. गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला आणि त्या साऱ्यांच्या झेरॉक्स प्रती प्लास्टिकच्या फाइलीत पावसापासून जपत मुलेमुली गुणवत्ता यादीपुढे उभी असतात. सोबत आलेल्या आईच्या पिशवीत डबा असतो आणि वडिलांच्या मनात फी भरण्याची शेवटची तारीख. याच दिवसांच्या आगेमागे गुरुपौर्णिमा येते. आपण आपल्या गुरुजनांना आठवतो, जमल्यास त्यांच्या घरी जातो, दूर असतील तर फोनवरून नमस्कार सांगतो. आणि याच दिवसांत, फारसा गाजावाजा न होता, १८ जुलै येऊन जातो. १८५७ साली या तारखेला मुंबई विद्यापीठाच्या स्थापनेचा कायदा झाला. सिंधपासून कर्नाटकापर्यंतची मुले एके काळी ज्याच्या परीक्षांना बसली आणि पश्चिम भारतातल्या कितीतरी विद्यापीठांचे मूळ ज्याच्यापाशी सापडते, त्या संस्थेचा हा जन्मदिवस. गुरूचे ऋण मानणाऱ्या समाजाने विद्यापीठाचेही ऋण मानावे, यात कुणाचे दुमत होणार नाही. ते ऋण फेडायचे कसे, हा वाद मात्र विद्यापीठाइतकाच जुना आहे.

त्या वर्षीचा जुलै महिना आठवून पाहावा. उत्तर हिंदुस्थान पेटलेला होता, दिल्ली बंड करून उठलेल्या शिपायांच्या ताब्यात होती आणि तरीही त्याच वर्षात कलकत्ता, मुंबई आणि मद्रास या तीन ठिकाणी विद्यापीठांचे कायदे झाले. राज्यकर्त्यांचे हेतू उघड होते. १८५४ च्या वुडच्या खलित्यात त्यांनी ते लिहूनच ठेवले आहेत: पाश्चात्त्य विद्येचा प्रसार व्हावा आणि राज्यकारभारासाठी भरवशाची शिकलेली माणसे मिळावीत. नमुना लंडन विद्यापीठाचा घेतला होता. म्हणजे विद्यापीठाने स्वतः शिकवायचे नाही, महाविद्यालये जोडून घ्यायची, परीक्षा घ्यायच्या, पदव्या द्यायच्या. अशा हिशेबी योजनेतून स्वतंत्र बुद्धीचे काही निपजेल, अशी अपेक्षा फार थोड्यांनी केली असेल. पण शिक्षणाचा आरंभ ज्याच्या हेतूने होतो, त्याच्या हेतूपाशी त्याचा शेवट होतोच असे नाही. माणसाला एकदा पुरावा तोलायला शिकवले, की पुढे तो कोणाचा पुरावा तोलेल, हे शिकवणाऱ्याच्या हाती उरत नाही.

याचा पहिला प्रत्यय रानड्यांच्या बाबतीत आला. १८६२ साली मुंबई विद्यापीठाचे पहिले चार बी. ए. बाहेर पडले: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकत असताना तरुण रानड्यांनी एका निबंधात मराठ्यांच्या राज्यव्यवस्थेची तुलना इंग्रजी अमलाशी केली आणि तीत इंग्रजी अंमल उणा ठरवला. प्राचार्य होते सर अलेक्झांडर ग्रँट. ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्राचे ते नामांकित भाष्यकार, आणि पुढे काही वर्षे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. जे सरकार तुम्हाला शिकवते आणि तुमच्या लोकांसाठी इतके करते, त्याची अशी निंदा करू नये, असे त्यांनी रानड्यांना सुनावले आणि सहा महिन्यांसाठी त्यांची शिष्यवृत्ती बंद केली, असे चरित्रकार सांगतात.

या प्रसंगापाशी जरा थांबले पाहिजे. यात दुष्ट असे कोणीच नाही. ग्रँट विद्वान होते, सद्‌हेतूने बोलत होते, आणि मुलाने कृतघ्न होऊ नये एवढेच त्यांना सांगायचे होते. पण ऋण म्हणजे मौन, असा जो अर्थ त्यांनी लावला, तो रानड्यांच्या बुद्धीला पटला नाही. त्यांनी विद्यापीठाशी वैर धरले नाही. तेथेच फेलो म्हणून ते बसले, पदवीच्या अभ्यासातून हद्दपार झालेल्या मराठीला परत स्थान मिळावे म्हणून वर्षानुवर्षे तेथे झगडले आणि आयुष्याच्या अखेरीला एम. ए. च्या अभ्यासक्रमात तिचा शिरकाव करून देण्यात यशस्वी झाले. शिष्यवृत्ती घालवणारा विषयही त्यांनी सोडला नव्हता. १९०० साली, मृत्यूच्या काही महिने आधी, मराठी सत्तेच्या उदयावरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. विशीच्या आसपास जो प्रश्न एका निबंधात विचारला होता, त्याचे उत्तर साठीच्या उंबरठ्यावर त्यांनी ग्रंथरूपाने दिले. विद्यापीठाचे ऋण त्यांनी असे फेडले: प्रश्न मनात जपून, त्याचा अभ्यास करून आणि ज्या संस्थेने शिक्षा केली तिलाच आतून मोठे करून.

ग्रँटसाहेबांचा युक्तिवाद मात्र त्यांच्याबरोबर गेला नाही. तो आजही आपल्या बैठकीत, लोकलच्या डब्यात, चर्चेच्या फडात ऐकू येतो. सरकारच्या पैशावर शिकता आणि सरकारवरच टीका करता? करदात्यांच्या पैशातून हे असले संशोधन कशाला? हे विचारणारे लोक वाईट नसतात. पुष्कळदा ते घाम गाळून कर भरणारे, मुलांच्या शिक्षणासाठी कर्ज काढणारे असतात, आणि आपला पैसा वाया जाऊ नये ही त्यांची चिंता खरीच असते. म्हणून त्यांना उत्तर आदराने आणि पुरते द्यायला हवे. उत्तर असे, की सरकार हे पैशाचे विश्वस्त असते, मालक नसते. आज या पक्षाचे सरकार आहे, उद्या त्या पक्षाचे येईल. विद्यापीठाने प्रत्येकाच्या मर्जीप्रमाणे आपले निष्कर्ष बदलले, तर करदात्याच्या हाती पडणारे ज्ञान कवडीमोलाचे होईल. धरण सुरक्षित आहे का, पाणी पिण्याजोगे आहे का, एखाद्या योजनेने कुपोषण खरोखर कमी झाले का, जुन्या कागदपत्रांत खरे काय लिहिले आहे, या प्रश्नांची उत्तरे ज्याला कोणाची भीती नाही अशाच माणसाकडून घेण्यात अर्थ असतो. आपण त्या निर्भयतेसाठी पैसे मोजत असतो.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर आपल्या धुरिणांना हे स्पष्ट दिसत होते. १९४८ साली डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली विद्यापीठ शिक्षण आयोग नेमला गेला. उच्च शिक्षणाला पैसा पुरवणे हे राज्यसंस्थेचे कर्तव्यच आहे, पण म्हणून शैक्षणिक धोरणे आणि व्यवहार यांवर तिचा ताबा असावा असे होत नाही, असा निर्वाळा त्या आयोगाने दिला. ही शिकवण पुस्तकी नव्हती, अनुभवाची होती. १९२२ साली बंगाल सरकारने कलकत्ता विद्यापीठाला अडीच लाख रुपये देऊ केले, पण त्याला अटी जोडल्या. तेव्हा विद्यापीठाला पैशाची अत्यंत निकड होती. कुलगुरू सर आशुतोष मुखर्जी यांनी सिनेटमध्ये उभे राहून ते अनुदान नाकारले. पुढच्या वर्षी गव्हर्नर लॉर्ड लिटन यांनी सरकारशी जमवून घेण्याच्या अटीवर त्यांना पुन्हा कुलगुरूपद देऊ केले, तेही त्यांनी परत पाठवले. आपल्याकडे महर्षी कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढले, तेव्हा त्याच्यापाशी सरकारी मान्यता नव्हती, मोजक्या मुली होत्या आणि मातृभाषेतून शिकवण्याचा आग्रह होता. मान्यतेची वाट पाहत आणि मान्यतेसाठी आपला आग्रह न सोडता ते विद्यापीठ तीन दशकांहून अधिक काळ चालले. लोकांनी दिलेल्या लहान वर्गण्यांवर ते उभे राहिले, ठाकरसी घराण्याच्या पंधरा लाखांच्या देणगीने ते स्थिरावले.

विद्यापीठांच्या स्वातंत्र्याची ही लढाई व्यासपीठापेक्षा समित्यांच्या खोल्यांत अधिक लढली गेली, हे आपण विसरतो. अधिसभा, विद्वत्‌सभा, अभ्यासमंडळे ही नावे ऐकताच सामान्य वाचकाला जांभई येते. लॉर्ड कर्झनला मात्र त्यांचे मोल नेमके कळले होते. १९०४ च्या विद्यापीठ कायद्याने त्याने सिनेटची, म्हणजे अधिसभेची, घडी बदलली: मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे जास्तीत जास्त शंभर सभासद, त्यांतले निवडून आलेले वीस, बाकी बहुतेक सरकारने नेमलेले. वरवर पाहता ही शिस्त होती, कार्यक्षमता होती. फर्ग्युसन महाविद्यालयात अठरा-वीस वर्षे शिकवून नुकतेच निवृत्त झालेले गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा केंद्रीय कायदेमंडळात होते. शिक्षकाच्या नजरेने त्यांनी तो मसुदा वाचला आणि कलमामागून कलम त्याला विरोध केला. विद्यापीठाचा कारभार सरकारी खात्यासारखा होईल आणि शिकलेल्या भारतीयांचा त्यातला आवाज दबेल, हे त्यांचे भय होते. मतमोजणीत ते हरले, कायदा झाला. पण शिक्षणातले स्वातंत्र्य आणि लोकांचे प्रतिनिधित्व ही एकाच प्रश्नाची दोन अंगे आहेत, हे त्या विरोधातून जे नोंदले गेले, ते पुसले गेले नाही.

मुंबईच्या त्या पहिल्या चौघांतले दुसरे, भांडारकर. पदवी घेतल्यावर तीस-एकतीस वर्षांनी ते त्याच विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवशी, ६ जुलै १९१७ रोजी, पुण्यात त्यांच्या नावाची प्राच्यविद्या संस्था सुरू झाली, आणि १९१९ साली तिने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले. त्या कामाबद्दल थोडे सविस्तर लिहिल्यावाचून राहवत नाही. देशभरातून, काश्मीरच्या शारदा लिपीतल्या, मल्याळम लिपीतल्या, नेपाळातल्या अशा १,२५९ हस्तलिखितांचा मेळ घालायचा, ओळीला ओळ लावून पाहायची आणि सर्वांत जुना पाठ कोणता ते ठरवायचे. विष्णु सीताराम सुखठणकरांसारखे संपादक त्यात आयुष्य खर्चून गेले. १९६६ साली, सत्तेचाळीस वर्षांनी, ते पुरे झाले. आता त्यातली एकच गोष्ट पाहा. व्यासांनी सांगायचे आणि गणपतीने लिहून घ्यायचे, ही आपण लहानपणी आजीच्या मांडीवर ऐकलेली कथा. हस्तलिखितांच्या पुराव्यावरून ती नंतरची भर आहे, असा संपादकांचा निष्कर्ष झाला आणि त्यांनी ती मुख्य संहितेतून काढून परिशिष्टात ठेवली. हे घडले पुण्यात, गणेशोत्सवाच्या गावात. ज्यांनी हे केले त्यांतले अनेकजण घरी गणपती बसवणारे, मोदक करणारे लोक होते. श्रद्धा आणि पुरावा यांना आपापल्या जागी ठेवण्याची ताकद त्यांच्यात होती, आणि त्यांना ते करू देण्याची ताकद त्यांच्या समाजात होती. टीका करणाऱ्यांनी टीका केली. काम चालत राहिले. गणपती दर भाद्रपदात येतच राहिला.

त्याच संस्थेत ५ जानेवारी २००४ रोजी जमाव घुसला. एका परदेशी अभ्यासकाने छत्रपती शिवाजी महाराजांविषयी लिहिलेल्या पुस्तकातल्या मजकुराने लोक दुखावले होते. ते दुखणे खोटे नव्हते. महाराज हा आपल्या सर्वांच्या काळजाचा विषय आहे. पण त्या दुखण्याचा हिशेब कपाटांशी, ग्रंथांशी आणि जुन्या पोथ्यांशी चुकता केला गेला, आणि ज्या कागदांवरून महाराजांचाच इतिहास लिहिला जातो असल्या साधनांच्या घरावर घाव पडला. २०१० साली मुंबई विद्यापीठाने रोहिंटन मिस्त्री यांची ‘सच अ लाँग जर्नी’ ही कादंबरी, विद्यार्थ्यांच्या एका संघटनेने आक्षेप घेताच, अभ्यासक्रमातून काढली. पुढल्याच वर्षी दिल्ली विद्यापीठाने ए. के. रामानुजन यांचा रामायणाच्या नाना परंपरांवरील निबंध वगळला. आणि ३० ऑगस्ट २०१५ रोजी हंपीच्या कन्नड विद्यापीठाचे माजी कुलगुरू, वचन साहित्याचे थोर अभ्यासक डॉ. एम. एम. कलबुर्गी यांना धारवाडमध्ये त्यांच्या घराच्या दारात गोळ्या घालण्यात आल्या. या घटना एका मापाच्या नाहीत, आणि त्यांना एका पंगतीत बसवण्याचा हेतू नाही. कादंबरी वगळणे आणि माणूस मारणे यांत अपार अंतर आहे. तरीही कादंबरी वगळताना विद्यापीठाने जी जागा सोडली, ती अंगणातली जागा होती. अंगण सोडले की उंबरा जवळ येतो.

अशा वेळी विद्यापीठाने काय करावे, याचे एक जुने उदाहरण जर्मनीतले आहे. १८३७ साली हानोव्हरच्या नव्या राजाने, अर्न्स्ट ऑगस्टने, चारच वर्षांपूर्वी दिलेली राज्यघटना रद्द केली. गॉटिंगेन विद्यापीठाच्या सात प्राध्यापकांनी लेखी कळवले, की आम्ही त्या घटनेची शपथ घेतलेली आहे आणि ती शपथ राजाच्या मर्जीने सुटत नाही. त्यांत आपल्या मुलांना परीकथांमुळे ठाऊक असलेले याकोब आणि विल्हेल्म हे ग्रिम बंधू होते, आणि ज्याच्या नावाचे एकक आपली मुले बारावीच्या भौतिकशास्त्रात पाठ करतात तो विल्हेल्म वेबरही होता. सातही जण बडतर्फ झाले. तिघांना तीन दिवसांत राज्य सोडावे लागले. शपथेचा शब्द पाळण्यासाठी भाषाशास्त्र आणि भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या माणसांनी नोकरीवर पाणी सोडले, हे तर मोठेच. पण त्याहून मनात घर करते ती पुढची गोष्ट. लायप्‌झिगमध्ये नागरिकांनी समिती स्थापन केली, ठिकठिकाणाहून वर्गणी जमवली आणि या प्राध्यापकांचे पगार चालू ठेवले. विद्यापीठ राज्यघटनेसाठी उभे राहिले आणि लोक विद्यापीठासाठी उभे राहिले. लोकशाहीत विद्यापीठाची भूमिका काय, या प्रश्नाचे इतके पुरते उत्तर क्वचितच कुठे सापडेल.

आपल्याकडे या उत्तराला आणखी एक बाजू आहे, आणि ती गॉटिंगेनच्या प्राध्यापकांना सुचण्याजोगी नव्हती. विद्यापीठ स्वतंत्र आहे, पण त्याच्या दारातून आत कोण येतो? एल्फिन्स्टनमधून मुंबई विद्यापीठाची पदवी घेतलेला भीमराव आंबेडकर नावाचा तरुण ९ मे १९१६ रोजी न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या एका परिसंवादात भारतातील जातिसंस्थेवर निबंध वाचतो, आणि ज्या व्यवस्थेने त्याला पाण्यापासून आणि शाळेच्या बाकापासून दूर ठेवले, तिची चिकित्सा समाजशास्त्राच्या भाषेत, संताप आवरून, पुराव्यानिशी करतो. विद्यापीठीय स्वातंत्र्याचा याहून उज्ज्वल क्षण महाराष्ट्राच्या इतिहासात शोधून सापडणार नाही. तो क्षण शक्य झाला कारण एका मुलाला दार उघडे मिळाले. म्हणूनच बाबासाहेबांनी पुढे १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ आणि १९५० साली औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय उभे केले. आणि म्हणूनच मराठवाड्याच्या विद्यापीठाला त्यांचे नाव देण्याचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळात झाल्यावर जे घडले, जी घरे जळली आणि जे जीव गेले, ते आठवले की मान खाली जाते. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. ज्यांना आत येऊ दिले जात नाही किंवा आत आल्यावर परके ठरवले जाते, त्यांच्यावाचून झालेली मुक्त चर्चा ही मूठभरांची बैठक असते. शैक्षणिक स्वातंत्र्याविषयी कळवळ्याने बोलणाऱ्यांनी वसतिगृहाच्या खोल्या, वेळेवर मिळणारी शिष्यवृत्ती आणि राखीव जागांचा अनुशेष यांविषयीही तितक्याच कळवळ्याने बोलले पाहिजे.

आपल्या राज्यघटनेत शैक्षणिक स्वातंत्र्य असा वेगळा अनुच्छेद नाही; ते विचार आणि उच्चार यांच्या स्वातंत्र्यात सामावलेले आहे. मात्र नागरिकांच्या मूलभूत कर्तव्यांत, अनुच्छेद ५१ क मध्ये, विज्ञाननिष्ठ दृष्टी आणि शोधक बुद्धी वाढवणे हे कर्तव्य म्हणून सांगितले आहे. ही कर्तव्ये १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने आली, आणीबाणीत, जेव्हा अनेक शिक्षक आणि विद्यार्थी तुरुंगात होते. त्यामुळे त्या शब्दांचे मोल कमी होत नाही. उलट शोधक बुद्धी ही सरकार सांगते म्हणून पाळायची गोष्ट नसून सरकारच्याही बाबतीत वापरायची गोष्ट आहे, हे त्या काळाने आपल्याला नीट शिकवले.

एवढे सारे स्मरण करून आजच्या वर्गात यावे, तर तेथे कोण उभे असते? पुष्कळ ठिकाणी तासिका तत्त्वावरचा प्राध्यापक. नेट किंवा सेट उत्तीर्ण, पीएच. डी. झालेला, पस्तिशी ओलांडलेला. नेमणूक शैक्षणिक वर्षापुरती. मानधन शिकवलेल्या तासांचे, तेही महिनोन्‌महिने लांबणारे. सुट्टीचा पगार नाही, पुढच्या जूनची खात्री नाही. मंजूर जागा वर्षानुवर्षे रिकाम्या राहतात आणि त्यांचा भार हे लोक वाहतात. लग्न ठरताना त्यांना ‘कायम आहात का’ असे विचारले जाते. या माणसाकडून आपण अपेक्षा करतो, की त्याने वर्गात निर्भयपणे बोलावे, अभ्यासक्रमातला अवघड धडा टाळू नये, विद्यार्थ्याच्या खोचक प्रश्नाला सरळ उत्तर द्यावे. त्याच्या बोलण्यातले एखादे वाक्य मागचापुढचा संदर्भ तोडून मोबाइलवर फिरले, तर त्याला काढायची गरजही पडत नाही. जूनमध्ये पुन्हा बोलावले नाही की झाले. शैक्षणिक स्वातंत्र्यावरचे सर्वांत मोठे बंधन कुठल्या फतव्यात लिहिलेले नाही, ते या नेमणुकीच्या पत्रात आहे. रानड्यांची शिष्यवृत्ती सहा महिने बंद झाली, तेव्हा तिची निदान नोंद तरी झाली. आजचा तरुण शिक्षक जे बोलण्याआधीच गिळतो, त्याची नोंद कुठेच होत नाही. रिक्त जागा भरा, ही मागणी पगाराची म्हणून आपण ऐकतो आणि बाजूला ठेवतो. ती लोकशाहीची मागणी आहे, हे १८ जुलैच्या निमित्ताने एकदा स्वच्छ म्हटले पाहिजे.

विद्यापीठांनीही स्वतःकडे पाहायला हवे. आक्षेप आला की पुस्तक काढायचे आणि मग समिती नेमायची, हा क्रम उलटा आहे. अभ्यासमंडळाने निवडलेले पुस्तक अभ्यासमंडळाच्याच चर्चेने, लेखी कारणे देऊन बदलले जावे, आणि तोवर ते वर्गात शिकवले जावे. चर्चासत्राला आलेल्या पाहुण्याचे नाव कुणी फोन केला म्हणून आदल्या रात्री पत्रिकेतून खोडले जाऊ नये. आणि विद्यार्थ्यांना मतभेदाचा सराव मिळावा. १९९४ नंतर शिकलेल्या आपल्या मुलांनी महाविद्यालयात खुल्या निवडणुकीची मतपेटी जवळपास पाहिलेलीच नाही. प्रतिनिधी गुणांवरून नेमले गेले. निवडणुकांतली गुंडगिरी थांबावी म्हणून ते झाले आणि त्यामागची भीती खरी होती. पण अठराव्या वर्षी देशाचे सरकार निवडण्याचा हक्क असलेल्या मुलीला आपल्या वर्गाचा प्रतिनिधी निवडता येऊ नये, ही व्यवस्था फार काळ समर्थनीय राहू शकत नाही. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने खुल्या निवडणुकीची तरतूद केलेली आहे. ती अमलात आणण्याचे धैर्य दाखवणे, एवढेच उरले आहे.

आणि शेवटी आपण, पदवीधर. दीक्षान्त समारंभात काळा झगा घालून फोटो काढला, प्रमाणपत्र फ्रेम करून भिंतीला लावले, की आपला आणि विद्यापीठाचा संबंध संपला असे आपण धरून चालतो. कायदा तसे मानत नाही. विद्यापीठाच्या अधिसभेवर दहा सदस्य नोंदणीकृत पदवीधरांतून निवडून जातात. ज्या निवडून दिलेल्या जागांसाठी गोखल्यांनी कर्झनपुढे उभे राहून वाद घातला, त्याच परंपरेतल्या या जागा आहेत. विद्यापीठाच्या अंदाजपत्रकावर, रिक्त पदांवर, लांबलेल्या निकालांवर आणि वगळलेल्या पुस्तकांवर तेथे प्रश्न विचारता येतो आणि प्रशासनाला त्याचे उत्तर द्यावे लागते. पण पदवीधरांच्या अफाट संख्येपुढे मतदार म्हणून नाव नोंदवणारे फारच थोडे असतात, म्हणून या निवडणुका संघटित गटांच्या होऊन बसतात आणि त्या लांबणीवर पडल्या तरी कुणाला फारशी खंत वाटत नाही. आपल्या विद्यापीठाची पदवीधर नोंदणी पुढच्या वेळी सुरू होईल, तेव्हा पदवी प्रमाणपत्राची प्रत जोडून तो अर्ज भरावा, घरातल्या आणि शेजारच्या पदवीधरांकडूनही भरून घ्यावा, आणि मतदानाच्या दिवशी जाऊन मत द्यावे, ही सर्व वाचकांना विनंती.